प्रस्तावना : किटोन, साखर आणि यीस्ट

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या पुस्तिकेतले प्रयोग एप्रिल-मेमध्ये करायला घेऊ नका. यीस्टला 30 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. 40 ओलांडले की त्याचे काम ढेपाळते आणि पुढे ते मरू लागते. आपल्याकडे भुसावळ-जळगावात पारा 44-45वर जातो, आणि प्रयोगशाळा गच्चीखालच्या मजल्यावर असेल तर दुपारी नळाचे पाणीसुद्धा हाताला चटका देते. प्रात्यक्षिकांच्या पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असे छापलेले असते. कोणत्या गावच्या आणि कोणत्या महिन्यातल्या खोलीच्या, ते छापलेले नसते. थंडीत उलटा प्रकार. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10च्या खाली उतरला की फ्लास्कमधले बुडबुडे बंद पडतात आणि सकाळी मुलांना वाटते, यीस्ट मेले. ते मेलेले नसते, गारठलेले असते. जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी हे या कामाचे खरे दिवस. प्रकल्पाची वही सादर करायची असते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणून बहुतेक जण फेब्रुवारी उलटल्यावर जागे होतात. त्यांनी निदान थंड पाण्याची परात आणि थर्मामीटर एवढे तरी जवळ ठेवावे.

हवामानापासून सुरुवात करण्यामागे कारण आहे. या प्रयोगात अभिकर्मक जिवंत आहे. बाटलीतल्या सोडियम बोरोहायड्राइडला उपाशी राहिल्याचे किंवा उन्हाळ्याचे काही वाटत नाही. यीस्टला वाटते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण त्याला वजन, मोल आणि वेळ यांत विचार करायची सवय असते. पेशीला काय हवे, काय नको, तिचे पोट भरले आहे का, हे प्रश्न शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात विचारले जातात. आपल्या महाविद्यालयांत हे दोन विभाग बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर असतात आणि स्नेहसंमेलनाखेरीज त्यांची गाठ पडत नाही. हा विषय त्या दोघांच्या मधल्या जिन्यावर पडून राहिला आहे. एरवी तो तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाला किती सोयीचा आहे! हायड्रोजनचे सिलिंडर नको, दाबपात्र नको, रुथेनियम-पॅलेडियम नको. बेकरीवाल्याकडचे यीस्ट, वाण्याकडची साखर, एक साधा किटोन आणि चालू स्थितीतला पोलॅरिमीटर एवढ्यावर भागते. यांतली शेवटची वस्तू मिळवणेच सर्वांत अवघड आहे, कारण पोलॅरिमीटर कपाटात असतो, त्याचा सोडियम दिवा मात्र गेलेला असतो.

आता मूळ मुद्दा. किटोनच्या रेणूत कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध असतो आणि त्या कार्बनभोवतीची रचना सपाट असते. त्यावर हायड्रोजन चढवला की किटोनचे अल्कोहोल होते, हे क्षपण. कार्बनच्या दोन अंगांना दोन वेगळे गट असतील, तर हायड्रोजन वरच्या बाजूने आला की एक अल्कोहोल मिळते आणि खालच्या बाजूने आला की त्याचे आरशातले प्रतिबिंब. डाव्या आणि उजव्या पायाच्या चपला जशा मापाने, चामड्याने, टाक्यांनी अगदी सारख्या असूनही एकीच्या जागी दुसरी चालत नाही, तसे हे दोन रेणू. वितळणबिंदू एक, उत्कलनबिंदू एक, टीएलसीच्या पट्टीवरचा ठिपका एकाच उंचीवर. शरीराला मात्र फरक लगेच कळतो, कारण शरीरातली प्रथिने स्वतःच एकाच हाताची आहेत.

याचे उदाहरण म्हणून थॅलिडोमाइडची गोष्ट सांगायची पद्धत आहे. मी ती टाळतो. त्या औषधाची दोन रूपे शरीरात एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे ‘एक रूप चांगले, एक वाईट’ असा सोपा धडा त्यातून निघत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरात चला. ज्या पुदिन्याला स्पिअरमिंट म्हणतात त्याचा वास कार्व्होन नावाच्या रेणूचा. बाळंतिणीला जेवणानंतर ज्या बाळंतशोपा देतात त्यांच्या तेलातही कार्व्होनच असतो. सूत्र तेच, बंध तेच. पुदिन्यातला ‘आर’ रूपाचा, बाळंतशोपांतला ‘एस’ रूपाचा. डोळे मिटून दोन्ही हुंगा. पोलॅरिमीटर नसला तरी नाक आहे.

कार्व्होन हाही किटोनच, आणि यीस्टची आणखी एक खोड त्याच्यामुळे लक्षात येते. त्याच्या रेणूत किटोन गटाच्या शेजारी कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहे. यीस्टपुढे तो ठेवला तर यीस्ट बरेचदा किटोनला हात न लावता आधी तो शेजारचा बंध क्षपित करते. हे काम करणारे विकर ऑटो वारबुर्ग आणि वाल्टर ख्रिस्टियान यांनी 1932 साली बिअरच्या यीस्टमधून वेगळे काढले. त्याचा रंग पिवळा, म्हणून जुने पिवळे विकर असेच त्याचे नाव पडून गेले. म्हणजे निवड दोन पातळ्यांवर चालते: कोणत्या बंधावर हायड्रोजन चढवायचा आणि कोणत्या बाजूने. म्हणून नवा विद्यार्थी ‘कोणताही किटोन घेतला तरी चालेल ना, सर?’ असे विचारतो तेव्हा उत्तर ‘नाही’ असे असते. पहिल्या प्रयोगासाठी शेजारी दुहेरी बंध नसलेला, पाण्यात थोडा तरी विरघळणारा आणि यीस्टला फारसा विषारी नसलेला किटोन घ्यावा. इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट या तिन्ही अटींत बसतो आणि महाविद्यालयाच्या कपाटात तो बहुधा असतोच.

त्याची प्रमाणित कृती 1985 सालच्या ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’मध्ये आहे, झुरिकच्या ईटीएचमधले डीटर झेबाख आणि त्यांचे सहकारी यांची. या मालिकेतली प्रत्येक कृती छापण्यापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते, म्हणून तिच्यावर विसंबायला हरकत नाही. तिथे 1.6 लिटर नळाचे पाणी, 300 ग्रॅम साखर आणि 200 ग्रॅम बेकरीचे यीस्ट घेतले आहे. तासभर ढवळून यीस्ट कामाला लागले की 20 ग्रॅम इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट घालायचे. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यातून आणखी 100 ग्रॅम साखर आणि तासाभराने आणखी 20 ग्रॅम एस्टर. त्यानंतर आणखी दोन-अडीच दिवस ढवळत ठेवायचे. हाती 24 ते 31 ग्रॅम इथाइल 3-हायड्रॉक्सिब्युटॅनोएट लागते, मुख्यतः ‘एस’ रूपाचे. आपण या पुस्तिकेत सगळे दहाव्या हिश्श्याने घेतले आहे: 160 मिलिलिटर पाणी, 30 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम ओले यीस्ट, 2 ग्रॅम एस्टर. बेकरीतली ओल्या यीस्टची वडी मिळाली नाही तर डब्यातले कोरडे यीस्ट 7-8 ग्रॅम पुरते. कोरडे घेतले तर ते आधी कोमट साखरपाण्यात फुगवून घ्यावे. कोरडेच एस्टरवर टाकले तर निम्म्या पेशी उठतच नाहीत.

पाण्याबद्दल दोन शब्द. झेबाख यांच्या कृतीत नळाचेच पाणी आहे आणि ते योग्यच आहे, कारण यीस्टला थोडे क्षार लागतात. डिस्टिल्ड पाण्यात ते खुश नसते. जास्त क्लोरिन असेल तर पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत साठवून वापरतात, त्यामुळे हे काम पालिका आपोआप करून देते.

फ्लास्कला घट्ट बूच लावू नका. यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, आणि तो वायू बाहेर पडायला वाट हवी. एक वाकडी नळी लावून तिचे टोक चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होऊ लागली की यीस्ट श्वास घेते आहे हे सगळ्या वर्गाला दिसते. तासाभराने फ्लास्कच्या तोंडाशी पावासारखा वास येतो, त्यात एस्टरचा फळासारखा गोड वास मिसळतो. पृष्ठभागावर पिवळसर फेस जमतो आणि ढवळणी थांबवली की तळाशी राखाडी गाळ बसायला लागतो. मुले या टप्प्यावर फ्लास्कभोवती घोटाळतात आणि कोणीतरी हमखास चव घेण्याचा विनोद करतो. तो विनोदच राहू द्यावा. फ्लास्कमध्ये दारू तयार होते हे खरे, पण ती एस्टर मिसळलेली असते.

क्षपण किती झाले हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. फेरिक क्लोराइडचा एक थेंब पुरतो. इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट त्याच्याबरोबर जांभळट-लाल रंग देतो. त्यापासून झालेले हायड्रॉक्सी एस्टर देत नाही. म्हणून दर काही तासांनी थोडासा द्रव काढून, गाळून, त्यात थेंब टाकायचा. रंग दिवसेंदिवस फिका होत जातो आणि एके सकाळी उमटतच नाही. ही चाचणी बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातली, मुलांच्या हातातली. तिचा असा उपयोग होतो हे त्यांना पहिल्यांदा कळते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

त्यानंतरचे काम रटाळ आहे. यीस्टच्या चिकट गाळाने गाळणीचा कागद तुंबतो. पातळ फडके लावले तर अर्धे यीस्ट आरपार जाते. म्हणून सेलाइटचा जाड थर द्यावा, नाहीतर सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या सेंट्रिफ्यूजकडे जावे. आपला पदार्थ पाण्यातही बराच विरघळतो, त्यामुळे पाणी आधी मिठाने संपृक्त करून मगच विद्रावकाने काढायचा. मूळ कृतीत ईथर आहे. आपल्याकडे ईथर वापरू नये. त्याचा उत्कलनबिंदू 35 अंशांच्या जवळ आहे, म्हणजे मार्चमधल्या दुपारी तो टेबलावरच उकळायला येतो, आणि त्याची वाफ पेट घ्यायला टपलेली असते. इथाइल अ‍ॅसिटेट घ्या. फक्त विभाजन नरसाळे जोरात घुसळू नका. एकदा का यीस्टच्या प्रथिनांचा साय धरलेला थर मध्ये तयार झाला की पुढचा सगळा दिवस तो फुटायची वाट पाहण्यात जातो.

याच्या जोडीला दुसरा फ्लास्क हवाच, आणि तो या पुस्तिकेचा गाभा आहे. त्याच एस्टरचे क्षपण बर्फात ठेवून सोडियम बोरोहायड्राइडने करायचे. ते तासाभरात उरकते, उत्पन्नही चांगले येते. दोन्ही पदार्थ शुद्ध करून टीएलसीच्या पट्टीवर शेजारी-शेजारी लावले तर ठिपके सारखे. फेरिक क्लोराइडला दोन्ही गप्प. मग पोलॅरिमीटरच्या नळीत भरायचे. बोरोहायड्राइडच्या पदार्थाचे घूर्णन शून्य, कारण त्याने वरून आणि खालून सारखाच हायड्रोजन चढवला. यीस्टच्या पदार्थाचे अधिक 37 अंशांच्या आसपास. शुद्ध ‘एस’ रूपाचे विशिष्ट घूर्णन सुमारे अधिक 43 असते. म्हणजे यीस्टच्या मिश्रणात ‘एस’चे वर्चस्व सुमारे 85 टक्के, शंभर रेणूंमधले 92-93 ‘एस’, उरलेले सात-आठ ‘आर’. ज्याने हा आकडा स्वतः काढला त्याला त्रिमितीय रसायन पुन्हा फळ्यावर शिकवावे लागत नाही.

आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो. विकरे इतकी काटेकोर असतात असे आपण शिकवतो, मग ते सात-आठ रेणू आले कुठून?

याचे उत्तर विस्कॉन्सिनच्या चार्ल्स सी यांच्या गटाने 1983 साली दिले. यीस्टच्या पेशीत हा एस्टर क्षपित करणारे विकर एकच नाही. काही ‘एस’ रूप देतात, काही ‘आर’, आणि आपल्याला दिसतो तो त्यांच्या ओढाताणीचा निकाल. एस्टरचा अल्कोहोलकडचा गट मोठा-लहान केला तर हा निकाल फिरतोही. मग 1996 साली यीस्टच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन पुरे झाले. केंद्रक असलेल्या जिवांमधला तो पहिलाच. सुमारे 6,000 जनुके. त्यांत क्षपण करू शकतील अशी विकरे घडवणारी जनुके डझनावारी निघाली आणि फ्लोरिडातल्या जॉन स्ट्युअर्ट यांच्या गटाने 2004मध्ये त्यांतली बरीचशी एकेक करून तपासली. त्यामुळे आज आपण ‘यीस्ट क्षपण करते’ असे म्हणतो तेव्हा ते तितकेसे नेमके बोलणे नसते; यीस्टमधली एक गर्दी क्षपण करते.

ही गर्दी आवरायचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्याला पैसा लागत नाही. ‘एस’ देणाऱ्या विकराची या एस्टरवरची पकड अधिक घट्ट आहे. पाण्यात एस्टर अगदी थोडा असला तर तो बहुतेक त्याच्याच वाट्याला येतो. जास्त झाला की उरलेला दुसऱ्यांच्या हाती जातो. म्हणून एस्टर एकदम न ओतता थेंबाथेंबाने दिवसभर सोडला आणि पाण्यातले प्रमाण लिटरला 1 ग्रॅमच्या खाली राखले, तर ‘एस’चे वर्चस्व 85 वरून 95-97 टक्क्यांवर जाते. स्वित्झर्लंडमध्येच 1983 साली हे दाखवले गेले. सलाइनची जुनी नळी आणि तिची चिमटी यासाठी उत्तम चालते. ही तुलना, एका फ्लास्कात एकदम आणि दुसऱ्यात थेंबाथेंबाने, पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेशी आहे.

आता थोडा इतिहास, घाईने. लुई पाश्चरने 1848मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे आरशातले जुळे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले, आणि दहा वर्षांनी बुरशी त्यांतले एकच रूप खाते हे पाहिले. ड्युमाने 1874मध्ये आंबत्या यीस्टमध्ये गंधक टाकले आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास घेतला. यीस्ट साखरेखेरीज दुसऱ्याच कशाचे क्षपण करते याची ही पहिली नोंद. बुखनरने 1897मध्ये यीस्ट वाटून, पिळून काढलेल्या रसानेही किण्वन होते हे दाखवले आणि विकरांचे युग सुरू झाले. साराजेव्होत जन्मलेले व्लादिमिर प्रेलोग यांनी 1964मध्ये किटोनच्या दोन बाजूंचे गट लहान-मोठे असतील तर हायड्रोजन कुठून येणार याचा नियम मांडला. यीस्ट बहुतेक वेळा तो पाळते, आणि आपल्याला ‘एस’ मिळते ते त्यामुळेच. त्रिमितीय रसायनासाठी 1975चे नोबेल त्यांना जॉन कॉर्नफर्थ यांच्याबरोबर मिळाले.

महाराष्ट्रात हे सगळे ऐकीव नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, व्ही. बी. शुक्ला आणि पी. आर. कुलकर्णी यांनी यीस्टकडून बेंझाल्डिहाइडपासून एल-फिनाइल अ‍ॅसिटाइल कार्बिनॉल घेण्यावर काम केले. 2000 साली त्यांनी लिहिलेला या विषयाचा आढावा जगभर वाचला जातो. हे कार्बिनॉल म्हणजे इफेड्रिन या औषधाकडे नेणारा मधला दुवा, आणि त्याची वाट 1921 साली जर्मनीत न्यूबर्ग यांनी शोधली. गंमत अशी की तिथे यीस्टने दोन रेणू जोडायचे असतात, आणि आपण ज्याच्या मागे लागलो आहोत ते क्षपण तिथे डोकेदुखी ठरते, कारण यीस्ट हातातला बेंझाल्डिहाइड क्षपित करून बेंझाइल अल्कोहोल करून टाकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. नाव-क्रमांक असलेले यीस्ट तिथून मागवता येते, आणि प्रकल्प पुन्हा करता यावा असे वाटत असेल तर ते मागवावेच. बेकरीची वडी दर आठवड्याला तीच असेल याची हमी बेकरीवालाही देणार नाही. हैदराबादच्या आयआयसीटीत जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी 2002मध्ये तर यीस्टही बाजूला ठेवले आणि गाजराच्या चकत्यांनी किटोन क्षपित करून दाखवले. तो प्रयोग या पुस्तिकेच्या शेवटी जोडला आहे. थंडीत गाजरे स्वस्त होतात, आणि थंडीत यीस्ट रुसलेले असते.

कारखान्यात मात्र आता अख्खे यीस्ट क्वचितच वापरतात. दम्यावरच्या मॉन्टेलुकास्टचे उदाहरण घ्या. त्याच्या एका टप्प्यावर किटोनचे नेमक्या हाताचे अल्कोहोल हवे असते. त्यासाठी वापरात असलेले बोरॉनचे अभिकर्मक पाण्याशी जुळत नाही, कातडीला खाते आणि विक्रियेला उणे 20-25 अंशांवर ठेवावे लागते. कोडेक्सिस या अमेरिकी कंपनीने किटोन क्षपित करणारे विकर पिढ्यानपिढ्या बदलत आणि निवडत नेले, आणि मुंबईच्या आर्च फार्मालॅब्जबरोबर ते प्रत्यक्ष उत्पादनात आणले. हे काम 2010मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्धता 99.9 टक्क्यांच्या वर. हायड्रोजन पुरवायला साखरेऐवजी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. आणि तापमान 45 अंश! जळगावच्या मे महिन्याचे. ज्या उन्हात आपले यीस्ट मान टाकते, त्यात हे घडवलेले विकर आरामात काम करते. विकरांना असे प्रयोगशाळेत उत्क्रांत करण्याच्या कामासाठी फ्रान्सेस अर्नोल्ड यांना 2018चे नोबेल मिळाले.

मग आपण अख्ख्या यीस्टशी का खेळायचे? कारण शुद्ध विकर विकत आणले तर त्याच्याबरोबर एनएडीपीएच हे हायड्रोजनवाहक सहविकर लागते. ते महाग असते आणि एकदा वापरले की रिते होते. ते पुन्हा भरायची दुसरी व्यवस्था उभी करावी लागते. पेशीत ती व्यवस्था आधीच आहे. साखर जाळता जाळता पेशी ते सहविकर भरत राहते, फुकट. साखर संपली की भरणे थांबते आणि क्षपण रेंगाळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर का घालायची, हा तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न आहे. ‘कृतीत लिहिले आहे म्हणून’ असे उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो.

हे तंत्र ‘हरित’ आहे असे पोस्टरवर लिहायची सध्या चढाओढ आहे. जरा सबुरीने घ्यावे. 2 ग्रॅम एस्टरसाठी आपण 160 मिलिलिटर पाणी, 30 ग्रॅम साखर आणि 20 ग्रॅम यीस्ट खर्च केले, आणि पदार्थ बाहेर काढायला इथाइल अ‍ॅसिटेट वापरला तो वेगळाच. रुथेनियमच्या उत्प्रेरकाने हायड्रोजनचा दाब देऊन याच जातीचे एस्टर 99 टक्के शुद्धतेने क्षपित करता येतात. 2001चे नोबेल मिळालेल्या नोयोरी यांची ही पद्धत मोठ्या टाकीत यीस्टपेक्षा कमी पाणी आणि कमी गाळ मागते. यीस्टच्या बाजूने बोलायचे तर ते विषारी धातू मागे ठेवत नाही, दाब मागत नाही आणि उरलेला गाळ विद्रावक उडवून खताच्या खड्ड्यात घालता येतो. मोजून बोलावे, एवढेच.

खानदेशात या विषयाला मुळे आहेत ती मला पोस्टरपेक्षा महत्त्वाची वाटतात. इथे आंबवणे घराघरात आहे. बिबड्यांची ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी बदलत, आंबट वास धरेपर्यंत ठेवतात, मग तिचा घाटा शिजवून उन्हात कापडावर बिबडे घालतात. त्या आंबटपणात जिवाणूंचा वाटा मोठा, पण यीस्टही त्यात असते. किती आंबली म्हणजे पुरे, हे घरातल्या आजीला नाकाने कळते. सातपुड्याच्या कुशीत, शिरपूर-चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला, पावरा आणि भिल्ल घरांत मोहाची फुले भिजत घालून आंबवतात. फुलांवरचे आणि मडक्यातले यीस्टच ते काम करते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जास्त पिकून तडकलेल्या घडाजवळ उभे राहिले तर किण्वनाचा वास अंगावर येतो. दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज करणारा कारखाना आहे, आणि साखर कारखान्यांच्या मळीवर तर यीस्टचा सगळा उद्योगच पोसला जातो. विद्यापीठ 1990 साली पुण्यापासून वेगळे होऊन जळगावला आले, गिरणेच्या काठी त्याचे जीवशास्त्राचे, रसायनशास्त्राचे आणि रासायनिक तंत्रज्ञानाचे विभाग एकाच आवारात उभे राहिले. 2018पासून त्याला नाव आहे ते आसोद्याच्या बहिणाबाईंचे. म्हणजे जिन्याचे अंतर इथे तरी फार नाही.

म्हणून या पुस्तिकेचा शेवटचा भाग मोकळा ठेवला आहे. त्यात कृती कमी, सूचना जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा ती वेचून आणा, किंवा तडकलेल्या केळ्याची साल घ्या. निर्जंतुक पाण्यात खळबळून ते पाणी बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर पसरा. जिवाणू दबावेत म्हणून माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल घाला. हे काम रसायनवाल्यांनी एकट्याने करू नये, वरच्या मजल्यावर जाऊन शिकावे. वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहती पुन्हा पुन्हा रेघोट्या मारून शुद्ध करा, तिरप्या अगारवर फ्रिजमध्ये ठेवा, आणि पाऊस पडून हवा निवळली की प्रत्येकीला इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट देऊन पाहा. बरीच यीस्ट काहीच करणार नाहीत. काही एस्टरचे पाण्याने विघटन करून आम्ल करून टाकतील. तिथे फेरिक क्लोराइडचा रंग जाईल, पण अल्कोहोल सापडणार नाही, म्हणून रंगावर विसंबून न राहता टीएलसी करावी. एखादे क्षपण करेल. त्याचा पदार्थ शुद्ध करून पोलॅरिमीटरमध्ये घाला, आणि घूर्णन उजवीकडे न जाता डावीकडे गेले तर लगेच उड्या मारू नका. नळीत बुडबुडा अडकला आहे का ते पाहा, नुसत्या विद्रावकाचे वाचन आधी घ्या, तीच वसाहत नव्याने वाढवून प्रयोग पुन्हा करा. पुन्हा तेच आले तर विभागप्रमुखांना बोलवा. आणि वहीत घूर्णनाचा आकडा लिहिताना त्याच्याआधीचे अधिक-उणे चिन्ह, तापमान, विद्रावक आणि द्रावणाची तीव्रता हे चारही लिहा; यांतले एक जरी राहिले तरी पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या आकड्याचा काही उपयोग होत नाही.